हॅन्डहेल्ड घेतला, आता गेम कोणते घ्यायचे?

गणेश चवथीच्या आगेमागे घरात हातात धरून गेम खेळायचा हॅन्डहेल्ड कन्सोल येतो आणि दुसऱ्याच दिवशी 'सर्वोत्तम पंचवीस गेम' अशा याद्यांची शोधाशोध सुरू होते. त्या याद्या खोट्या नसतात. गाजलेले, पारितोषिके मिळवलेले, खरोखर उत्तम गेम त्यांत असतात. पण तुम्ही रोज फोंड्याहून पणजीला कदंब बसने जाता, की मूल झोपल्यावर रात्री जेमतेम अर्धा तास तुमच्या वाट्याला येतो, की सणाला मूळ घरी दहा-बारा भावंडे जमतात, यातले काहीच यादी करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून हॅन्डहेल्डसाठी गेम निवडताना आधी एकच प्रश्न विचारा: मी हा कुठे बसून आणि किती वेळ खेळणार? गेम कितीही थोर असो, तुमच्या वेळेत तो बसला नाही तर दोनदा उघडला जातो आणि तसाच पडून राहतो. त्यात तीन-चार हजार रुपये अडकतात ते वेगळेच.

हॅन्डहेल्डचा सगळा इतिहास हेच सांगतो. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, बिनरंगी होता आणि त्याला मागून उजेडही नव्हता. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा गेम गिअर आणला. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. शिवाय अमेरिकेत त्याच्यासोबत मिळाला टेट्रिस, मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये तयार केलेला गेम. दोन मिनिटांत समजतो, पाच मिनिटांत एक डाव होतो, भाषा लागत नाही, वयाची अट नाही. खिशातल्या यंत्राला नेमका असा गेम हवा होता. आजची यंत्रे हजारपट ताकदीची झाली, तरी निवडीचा निकष तोच राहिला आहे.

पहिली पायरी: आपल्या वेळेचे तुकडे लिहून काढा

खरोखर कागदावर लिहा. चोडण-रायबंदर फेरीबोटीत पाच-दहा मिनिटे मिळतात. पणजी-मडगाव शटल बसमध्ये पाऊण-एक तास. मडगावहून मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला निघालात तर बारा तासांच्या आसपास. तिन्ही ठिकाणी कन्सोल तोच असला तरी गेम वेगवेगळ्या जातीचे लागतात.

पाच-दहा मिनिटांसाठी लवकर संपणारे किंवा कुठेही थांबवता येणारे गेम घ्या. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मधली एक शर्यत दोन-तीन मिनिटांत आटोपते. 'बलात्रो' हा पत्त्यांचा गेम प्रत्येक हातानंतर सोडता येतो आणि संध्याकाळी तिथूनच पुढे धरता येतो. टेट्रिसच्या नव्या आवृत्त्या आहेतच.

अर्ध्या-पाऊण तासासाठी माझी पहिली शिफारस 'हेडीज'. ग्रीक पुराणातल्या पाताळातून बाहेर पडण्याचा एक प्रयत्न साधारण अर्ध्या तासात संपतो. हरलात तरी कथा पुढे सरकते, त्यामुळे मडगाव आले म्हणून हळहळ वाटत नाही. 'व्हॅम्पायर सर्व्हायवर्स'च्या सुरुवातीच्या फेऱ्यांना तीस मिनिटांची मर्यादाच घातलेली आहे. 'स्ले द स्पायर'ला थोडा जास्त वेळ लागतो, पण तो मध्येच सोडता येतो.

लांबच्या प्रवासाला लांब गेम न्यावा, एवढे सरळ हे गणित नाही. लांब गेममध्येही दोन प्रकार असतात. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' शंभर तास पुरेल, पण त्यात जवळपास कुठेही सेव्ह करता येते. डोंगर चढा, एका देवळातले कोडे सोडवा, ठेवून द्या. याउलट 'पर्सोना ५ रॉयल'मध्ये मोठ्या मोहिमांच्या आत ठरावीक खोल्यांमध्येच सेव्ह होते. गेम अप्रतिम आहे, पण तो निवांत बैठक मागतो. रात्री घरी खेळणाऱ्याने तो जरूर घ्यावा, बसमध्ये खेळणाऱ्याने घाई करू नये.

'स्टारड्यू व्हॅली'चे उदाहरण थोडे सविस्तर देतो, कारण नवख्यांना हा गेम सर्वांत जास्त सुचवला जातो आणि तो सुचवण्याजोगाच आहे. एका माणसाने एकट्याने बनवलेला हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला. त्यातला एक दिवस आपल्या घड्याळात साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि कन्सोलवर सेव्ह होते ती फक्त दिवस संपवून झोपल्यावर. म्हणजे फेरीच्या दहा मिनिटांत दिवस अर्धवट राहणार. कन्सोल झोपवून ठेवला तर गेम जिथे आहे तिथे थांबतो हे खरे. पण बॅटरी संपली, किंवा धाकट्याने मध्येच दुसरा गेम उघडला, की तो अर्धा दिवस गेला. शटलमध्ये मात्र हाच गेम छान बसतो: आरामात तीन दिवस, तीन सेव्ह.

घाटाबद्दल एक सांगतो. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना किंवा अनमोडच्या वळणांवर त्रिमितीय, कॅमेरा गरागरा फिरवणारे गेम खेळू नका. मळमळ हमखास. खेळायचेच असेल तर 'इन्टू द ब्रीच'सारखा पाळीपाळीने चालणारा गेम घ्या, ज्यात मान वर करून बाहेर बघायला हवा तेवढा वेळ मिळतो.

दुसरी पायरी: आपले यंत्र काय चालवते ते पाहा

निन्टेन्डो स्विच २०१७ मध्ये आला, स्विच लाइट २०१९ मध्ये, मोठ्या पडद्याचा ओएलईडी २०२१ मध्ये आणि स्विच २ जून २०२५ मध्ये. पहिल्या तिघांचे गेम सारखेच. स्विच २ वर जुने बहुतेक गेम चालतात, पण स्विच २ साठीचे गेम जुन्या स्विचवर चालत नाहीत. खोक्यावरचे नाव नीट वाचून घ्या. लाइटवाल्यांनी आणखी एक बघायचे. त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि तो टीव्हीला जोडता येत नाही. गेमच्या माहितीत टीव्ही, टेबलावर आणि हातात अशी तीन चिन्हे दिलेली असतात. हाताचे चिन्ह नसेल तर तो गेम वेगळा कंट्रोलर घेतल्याशिवाय लाइटवर खेळता येणार नाही.

स्टीम डेक किंवा आसुसचा आरओजी अॅलाय म्हणजे हातात मावणारा संगणकच. इथे गेमचा तुटवडा नाही, निवडीचाच गोंधळ आहे. डेकसाठी स्टीमने, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाने, तपासलेल्या प्रत्येक गेमला शेरा दिलेला असतो. हिरवी खूण म्हणजे बटणे, अक्षरांचा आकार, पडद्याचा मेळ हे सगळे तपासलेले. पिवळी खूण म्हणजे चालतो, पण थोडी खटपट करावी लागेल. पहिले चार-पाच गेम फक्त हिरव्या खुणेचे घ्या. पिवळ्याकडे नंतर वळा.

घरातली मुले पहिल्या दिवशी विचारतील ते गेम आधीच तपासा. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) फोनवरच आहे, यांपैकी कशावरही नाही. फोर्टनाइट स्विचवर चालतो, विंडोजवरच्या अॅलायवर चालतो, पण स्टीम डेकच्या मूळ प्रणालीवर चालत नाही. व्हॅलोरंटही डेकवर नाही, आणि तो मुळात कीबोर्ड-माउसचा खेळ आहे. केवळ या दोन गेमसाठी डेक घ्यायचा बेत असेल तर तो बदला.

प्लेस्टेशन पोर्टल दिसायला हॅन्डहेल्ड असला तरी त्यात गेम साठवता येत नाहीत. सगळे वायफायवरून येते. चांगले नेट असलेल्या घरात, सोनीच्या पीएस५ या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसोबत तो उत्तम चालतो. फेरीत, आगगाडीत उपयोग नाही.

जागेचाही हिशोब करा. पहिल्या स्विचमध्ये ३२ जीबी, ओएलईडीमध्ये ६४, स्विच २ मध्ये २५६. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला १४ जीबीच्या आसपास लागतात, शिवाय थोडी जागा यंत्राची प्रणालीच घेते, म्हणजे ३२ जीबीत असे दोनही धड मावत नाहीत. डेकवर 'बाल्डर्स गेट ३' एकटाच १५० जीबी मागतो. मेमरी कार्ड घ्यावेच लागेल. स्विच २ ला मात्र 'मायक्रोएसडी एक्स्प्रेस' प्रकारचेच कार्ड हवे. जुने साधे कार्ड त्यात गेम साठवत नाही, आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली असतात.

तिसरी पायरी: नेट आणि वीज नसताना

कोकण रेल्वेवर बोगद्यांमागून बोगदे येतात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. तिथे ऑनलाइन सामना तुटणारच. तीच गत पावसाळ्यात सत्तरी-काणकोणात वीज जाऊन राउटर बंद पडला की. त्यामुळे पहिल्या खरेदीत निदान दोन गेम पूर्णपणे नेटशिवाय चालणारे हवेत. गेमच्या माहितीत 'सतत इंटरनेट आवश्यक' असा उल्लेख आहे का बघा. असेल तर तो घरी खेळायचा गेम समजा. स्विचवर बहुतेक गेममध्ये ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते, हाही खर्च धरा. डेकवर नवा गेम घरच्या वायफायवर एकदा उघडून, थोडा खेळून मगच प्रवासाला न्या. पहिल्या वेळी तो आणखी काही उतरवून घेतो आणि नेमके तेव्हा नेट नसले तर गेम उघडतच नाही.

बॅटरी गेमवर अवलंबून असते हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. पहिला स्विच अडीच ते साडेसहा तास चालतो, २०१९ नंतरचा सुधारित साडेचार ते नऊ. कमी आकडा झेल्डासारख्या भव्य गेमचा आणि जास्त आकडा साध्या चित्रांच्या लहान गेमचा. डेकवर हा फरक आणखी मोठा आहे. तिथे चित्रांचा वेग सेकंदाला तीस-चाळीसवर बांधून ठेवला तर बॅटरी बराच जास्त वेळ टिकते. मुंबईच्या प्रवासाला एक भव्य आणि एक साधा असे दोन गेम न्या. पॉवर बँक घेणार असाल तर डेकचा मूळ चार्जर ४५ वॉटचा आहे हे लक्षात ठेवा. फोनची लहानशी बँक त्याला पुरत नाही.

चौथी पायरी: डोळे आणि भाषा

टीव्हीवर सहज वाचता येणारी अक्षरे सात इंचांवर मुंगीएवढी होतात. चाळिशीच्या पुढच्या माणसांनी विकत घेण्याआधी गेमचा व्हिडिओ फोन आडवा धरून बघावा. तिथे संवाद वाचता आले नाहीत तर कन्सोलवरही त्रासच होईल. मराठीत गेम सहसा मिळत नाहीत, बहुतेक मजकूर इंग्रजीत. 'अॅनिमल क्रॉसिंग' आणि पोकेमॉनचे गेम दिसायला बाळबोध आहेत, पण त्यांत पानेच्या पाने वाचायची असतात. दुसरी-तिसरीतल्या मुलाला, किंवा इंग्रजी नकोशी वाटणाऱ्या आजीला ते देऊ नका. 'ग्रिस'मध्ये संवादच नाहीत, नुसती जलरंगासारखी चित्रे आणि संगीत. 'अनटायटल्ड गूज गेम'मध्ये एक खट्याळ हंस गावकऱ्यांच्या खोड्या काढतो. पडद्यावर कामांची छोटी यादी येते तेवढीच. ती कुणीतरी वाचून दाखवली की झाले.

आपल्या मातीतले काही हवे असेल तर 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला हा गेम २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवरच आला. भावाला सोडवायला निघालेली राजी, आणि तिची कथा आपसात बोलत सांगणारे विष्णू आणि दुर्गा. लढाई मधूनमधून हट्टी वाटते, पण वाडे, तळी, देवळांची शिल्पे इतक्या प्रेमाने रेखाटली आहेत की मी तो प्रत्येक नवख्याला सुचवतो. चार-पाच तासांत संपतो, म्हणजे दोन-तीन शनिवार.

पाचवी पायरी: सोबत कोण खेळणार?

गोव्यातल्या घराला हा प्रश्न टाळता येणार नाही. चवथीला मूळ घरी सगळे जमतात, माटोळी बांधून होते, आरतीला अजून वेळ असतो आणि कन्सोल एकच. इथे एकट्याचा कथाप्रधान गेम उघडला तर एक खेळतो आणि नऊजण त्याच्या मानेवर श्वास सोडतात.

स्विचचे दोन बाजूंचे जॉय-कॉन काढले की दोन लहान कंट्रोलर होतात. सोबत डॉक (कन्सोल टीव्हीला जोडायची बैठक) आणि एचडीएमआयची वायर पिशवीत टाका आणि मूळ घरच्या टीव्हीला जोडा. टीव्ही जुना असेल तर ओएलईडी किंवा स्विच २ चा मागचा स्टँड मजबूत आहे, दोघातिघांना टेबलावर चालतो.

गेम कोणता? नि:संशय 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'. त्यात आपोआप वळवणारे स्टिअरिंग आणि आपोआप चालणारा अॅक्सिलरेटर सुरू करता येतो. पाच वर्षांची भाची रस्त्याबाहेर जात नाही आणि कॉलेजातला मामेभाऊ तिच्याच शर्यतीत पूर्ण ताकदीने खेळू शकतो. कंट्रोलर पुरेसे असतील तर एका वेळी चौघे, शर्यत संपली की कंट्रोलर पुढच्याच्या हातात. 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्येही चौघे खेळतात. तिथे लहानांना योशी किंवा नॅबिट द्या, त्यांना शत्रूंकडून इजा होत नाही. 'ओव्हरकुक्ड २'मध्ये सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा असतो. आरडाओरडा फार होतो, पण तो हवाहवासा. फक्त पहिल्यांदाच कंट्रोलर धरणाऱ्याला त्यात उतरवू नका, तो गोंधळून जातो.

डेकवर पडद्यासमोर अनेकांनी खेळायचे तर कंट्रोलर वेगळे घ्यावे लागतात. ज्यांचा मुख्य हेतू घरच्यांसोबत खेळणे हाच आहे त्यांना मी स्विचच सांगेन.

मुलांसाठी घेताना खोक्यावरची वयाची खूण बघा. युरोपातून किंवा आखातातून आलेल्या कार्डांवर बहुधा पेगीचे ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात, अमेरिकेतल्या कार्डांवर ईएसआरबीची अक्षरे: ई सगळ्यांसाठी, टी तेरा वर्षांपुढे, एम सतरापुढे. फुकट मिळणाऱ्या गेममध्ये आतली खरेदी असते. मुलाच्या खात्याला खरेदीची परवानगी देऊ नका आणि खात्यात कार्डाचा नंबर साठवून ठेवू नका. निन्टेन्डोच्या पालकांसाठीच्या अॅपवर रोजची वेळमर्यादाही लावता येते.

सहावी पायरी: खरेदी

स्विचच्या गेमला देशाचे बंधन नाही. दुबईहून काका येणार असतील तर तिथले कार्ड इथल्या स्विचवर बिनधास्त चालते. गेमचे अतिरिक्त भाग नंतर विकत घ्यायचे असतील तर मात्र कार्ड ज्या प्रदेशाचे, खातेही बहुधा त्याच प्रदेशाचे लागते. कार्डाचा मोठा फायदा म्हणजे खेळून झाल्यावर विकता येते, भावंडांत फिरवता येते. पण खोके उलटून बघा. काहींत कार्डाऐवजी नुसता कोड असतो, आणि स्विच २ च्या काही कार्डांमध्ये फक्त चावी असते, गेम सगळा नेटवरून उतरवावा लागतो. कोडचे खोके एकदा वापरले की पुढे विकता येत नाही. (कार्ड तोंडात घातले तर कडूजहर लागते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून मुद्दाम तसा लेप दिलेला असतो, घाबरू नका.)

निन्टेन्डोचे स्वतःचे गेम क्वचितच स्वस्त होतात. मारिओ कार्टची किंमत उतरेल म्हणून थांबू नका, जुने कार्ड शोधा. लहान स्टुडिओंच्या गेमवर मात्र वर्षातून अनेकदा मोठी सवलत असते. स्टीमवर किमती रुपयांत असतात, उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीस मोठे सेल लागतात. हवे ते गेम इच्छायादीत टाकून ठेवा, भाव उतरला की ईमेल येतो. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. निन्टेन्डोकडे तशी सोय जवळपास नाही, तिथे आधी डेमो खेळा. 'कर्बी अँड द फरगॉटन लँड'चा डेमो लहानांसाठी छान आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'चा डेमो तर कित्येक तासांचा आहे आणि पुढे गेम घेतला तर तिथूनच खेळ सुरू होतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा ऑनलाइन दिसणारी '४०० गेम एकात' अशी स्वस्त यंत्रे घेऊ नका, असे मी कळकळीने सांगतो. त्यांतले गेम विनापरवाना नकला असतात, पुष्कळदा तोच गेम वेगवेगळ्या नावांनी भरलेला असतो, आणि बहुतेकांत सेव्हची सोय नसते. त्याच पैशांत स्टीमच्या सेलमध्ये एक-दोन उत्तम छोटे गेम येतात.

पहिल्या खेपेला तीनच घ्या: एक पाच मिनिटांचा, एक महिनाभर पुरणारा, एक चारचौघांत खेळायचा. स्विचवर माझी निवड बलात्रो, झेल्डा आणि मारिओ कार्ट. डेकवर बलात्रो, स्टारड्यू व्हॅली आणि ओव्हरकुक्ड २. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कार्डे आणि कन्सोल सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडची दमट हवा धातूच्या संपर्कपट्ट्यांना सोडत नाही. किनाऱ्यावर तर नेऊच नका. उन्हात पडदा दिसत नाही आणि रेती बटणांत शिरते.

महिन्याभराने स्विचच्या प्रोफाइलमध्ये किंवा स्टीमच्या लायब्ररीत कोणत्या गेमवर किती तास गेले ते बघा आणि चौथा गेम त्यावरूनच ठरवा. बलात्रोवर तास चढले असतील तर स्ले द स्पायर. स्टारड्यूवर असतील तर 'डेव्ह द डायव्हर', ज्यात दिवसा समुद्रात मासे धरायचे आणि रात्री हॉटेल चालवायचे. झेल्डा आवडला तर त्याचाच पुढचा भाग 'टिअर्स ऑफ द किंगडम', पण आधी मेमरी कार्डावर सोळा-अठरा जीबी जागा मोकळी करा.